रविवारच्या फोटो बैठकीबद्दल, नीट वाचा रे

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीप्रमाणे आमच्याकडे हॉलमध्ये भेटतोय. विषय निसर्ग आणि अॅबस्ट्रॅक्ट. प्रत्येकी जास्तीत जास्त ३ फोटो, शनिवारी रात्री ९ पर्यंत मला पाठवा, आणि प्लीज डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो टाकला की व्हॉट्सअॅप तो दाबून टाकतं आणि मग टीव्हीवर सगळं पिठूळ दिसतं.

आता अभिप्रायाचं. मागच्या वेळी एकाने होडीच्या तळाचा पोपडे निघालेला निळा रंग दाखवला, आणि पहिलाच प्रश्न काय, तर "हे आहे काय?" बिचाऱ्याने पुढचे दोन फोटो दाखवलेच नाहीत. म्हणून यावेळी:

- नुसतं "लय भारी" नको, नजर आधी कुठे गेली ते सांगा.
- खटकलेली एकच गोष्ट सांगा, तीही उपायासकट. म्हणजे कासच्या तेरड्याचा फोटो असेल तर "कॅमेरा फुलाच्या उंचीला आणला असता तर मागचं गवत धूसर झालं असतं", असं. धबधबा पांढराफटक झालाय? आधी शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं ठेवलं होतं ते) विचारा, भर दुपारी एनडी फिल्टरशिवाय (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) अर्धा सेकंद ठेवलं तर जळणारच ना.
- ज्याचा फोटो त्याने पहिली २ मिनिटं गप्प बसायचं (मलाच सगळ्यात जड जातं हे).
- घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आणू नका, पक्षी बिथरतात. यावर चर्चा नाही.

मोबाईलवाल्यांनी बिनधास्त या. चहा माझा, खायचं आपापलं. आणि लांब एचडीएमआय केबल कोणाकडे आहे?