चिकूच्या गोळ्यांबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "चिकू एवढ्या उड्या मारतोय, मग रोज दोनदा गोळ्या कशाला?" फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

लस द्यायला नेलं तेव्हा कुत्र्यांचे डॉक्टर स्टेथोस्कोप त्याच्या छातीला डाव्या बाजूनं लावून बराच वेळ ऐकत राहिले. त्याच्या हृदयातली डावीकडची, मायट्रल नावाची झडप गळतेय. म्हातारपणी ती जाड, गाठाळ होते, नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा हृदयविकार हाच, त्यातही पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या जातींत. खाण्यात काही चुकलं म्हणून हे होत नाही. तेव्हा आईला पुन्हा पुन्हा विचारू नकोस, ती आधीच मनाला लावून बसली आहे.

गळतीचा नुसता आवाज असता तर डॉक्टरांनी औषध दिलंच नसतं. पण इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय मोठं झालेलं दिसलं. या आजाराचे ए ते डी असे टप्पे असतात, त्यात चिकू 'बी२'मध्ये आहे: हृदय वाढलंय, पण फुप्फुसांत पाणी साठलेलं नाही. पिमोबेंडान, म्हणजे चिकूची ही गोळी, सुरू करायची ती इथेच. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही गोळी मिळालेल्या कुत्र्यांचं हृदय थकून फुप्फुसांत पाणी होण्याची वेळ साधारण १५ महिने लांबली. दहा वर्षांच्या कुत्र्याला पंधरा महिने म्हणजे किती, तूच विचार कर. तो उड्या मारतोय तोवरच गोळी द्यायची, ती यासाठी.

आता पुढच्या आठवड्यात आम्ही लग्नाला गेलो की तो तुझ्याकडे. गोळी बारा-बारा तासांनी, जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. रात्री तो गाढ झोपला की श्वास मोज. पोट वर गेलं, खाली आलं, हा एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोज. पाय झटकत स्वप्न बघत असेल तर थांब, ते संपू दे. चिकूचे वीस-बावीस येतात. झोपेत तिसाच्या वर गेले तर थोड्या वेळानं पुन्हा मोज, आणि तेवढेच आले तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. फुप्फुसांत पाणी व्हायला लागलं की बहुतेक वेळा श्वासच आधी वाढतो. खोकल्यावर विसंबू नकोस, मोठं झालेलं हृदय श्वासनलिकेवर दाबलं तरी खोकला येतो.

चिवडा, पापड, शेव काही देऊ नकोस, मीठ नको. आणि द्राक्षं, बेदाणे एकही नाही. नाशिकच्या घरात हे सांगणं कठीण, हंगामात पेट्याच्या पेट्या येतात. पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात, आणि पुढे लघवी वाढवणारी औषधं लागली तर मूत्रपिंडं धड हवीत. पाणी मात्र कधी कमी करू नकोस.

फिरवायचं रोजच्यासारखंच, पण उन्हात नको आणि ओढाओढ नको. पट्टा गळ्यात न घालता छातीचा घाल, तो दाराच्या खुंटीवर आहे.

इथल्या दुकानात पिमोबेंडानसाठी कधीकधी थांबावं लागतं. पुण्यात मिळालं तर येताना दोन पाकिटं घेऊन ये, चिठ्ठीचा फोटो पाठवतो.

तुझे बाबा