सेफ्टी बूट भाव बघून नव्हे, फरशी बघून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास खान्देशातल्या जिनिंग सुरू होतात आणि त्याआधी सेफ्टी बुटांची खरेदी निघते. बहुतेक ठिकाणी पद्धत ठरलेली असते. तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, सगळ्यांत स्वस्त बूट निवडायचा आणि तोच तेल मिलमधल्या हेल्परला, वेल्डरला, गाठी ओढणाऱ्या हमालाला सरसकट वाटायचा. कागदावर सुरक्षा पूर्ण होते, पण पाय सुरक्षित होतोच असे नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले कारखानदार, ठेकेदार आणि स्वतःच्या पैशाने बूट घेणारे कामगार यांना उपयोगी पडेल असे काही या पत्रातून सांगायचे आहे.

आधी शिक्क्याबद्दल. बुटावर आयएसआय मार्क आहे एवढे पाहून थांबू नका, त्याच्या वरचा मानक क्रमांक पूर्ण वाचा. आयएस १५२९८ या मानकाचे भाग आहेत आणि सगळा फरक त्या भागात आहे. भाग २ म्हणजे सेफ्टी बूट. त्याची टो कॅप, म्हणजे बोटांवरची टोपी, २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे साधारण दीड टन वजन, सोसते. भाग ३ च्या बुटाची टोपी निम्मा आघात, १०० ज्यूल, आणि १० किलोन्यूटनचा दाब सोसते. भाग ४ च्या बुटाला संरक्षक टोपी लागतच नाही. दिसायला तिन्ही बूट काळे, जाड आणि सारखेच. भाग ४ चा बूट 'आयएसआयवाला सेफ्टी शूज' म्हणून विकला तर शिक्का खोटा नसतो, पण बोटे उघडीच राहतात.

आणखी एक प्रकार पाहण्यासारखा आहे. आयएस ५८५२ हा क्रमांक नुसत्या पोलादी टोपीचा आहे. तेवढाच दाखवून कोणी बूट प्रमाणित असल्याचे सांगत असेल तर तो बूट घेऊ नका. चामडे, शिलाई, सोल यांतले काहीच त्या क्रमांकात तपासलेले नसते. बुटावर उत्पादकाची खूण, मापाचा नंबर, उत्पादनाचा काळ, मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही ते लगेच कळते. दुकानात उभे राहून दोन मिनिटांत होणारे काम आहे.

२०० ज्यूल म्हणजे किती? चाचणीत २० किलोचे वजन जवळपास एक मीटरवरून टोपीवर सोडतात. त्यानंतर टोपीखाली ८ नंबरच्या बुटात, म्हणजे युरोपीय ४२ मध्ये, किमान १४ मिलिमीटर जागा उरलीच पाहिजे. आता हे आपल्याकडच्या कामाला लावून पाहा. पाइपच्या कारखान्यात १५ किलोची डाय ९० सेंटिमीटर उंच टेबलावरून पडली तर आघात १३० ज्यूलच्या आसपास होतो. भाग २ चा बूट तो सोसतो, भाग ३ चा सोसणार नाही. कापसाची गाठ साधारण १७० किलोची. ती अवघ्या १२ सेंटिमीटरवरून पडली तरी २०० ज्यूल भरतात. थप्पीवरून अर्धा मीटर घसरली तर ८०० ज्यूलच्या पुढे. गाठ पायावर अलगद टेकली तर चांगला बूट बोटे वाचवतो, थप्पीवरून कोसळली तर कोणताही बूट वाचवत नाही. तिथे थप्पीची उंची आणि हूक मारण्याची पद्धत हेच संरक्षण आहे. शिवाय टोपी फक्त बोटांवर असते, तिच्या मागचा पायाचा उंचवटा उघडाच असतो. गाठी, मोल्ड, रुळाचे तुकडे अशा कामाला त्या भागावरही कवच असलेला, 'एम' खुणेचा बूट मागावा.

पोलादी टोपी बरी की कंपोझिट (फायबर-प्लास्टिकची), हा प्रश्न नेहमी येतो. दोन्हींची चाचणी तीच. कंपोझिट हलकी असते आणि उन्हात तापत नाही. पोलादी टोपी पातळ असल्याने बूट पुढून आटोपशीर राहतो आणि ती स्वस्त पडते. मे महिन्यात उघड्या यार्डात आठ तास उभे राहायचे असेल तर कंपोझिटचे जादा पैसे वाजवी आहेत, शेडमध्ये पोलादी पुरते. मात्र जबर मार बसला की कंपोझिट टोपी आतून तडकलेली असू शकते आणि बाहेरून काही दिसत नाही. पोलादी टोपीही एकदा दबली की कामातून गेली. टोपी कोणतीही असो, मोठा आघात झाला की बूट त्याच दिवशी बदलायचा.

आता पकड. खरेदीत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते, आणि पाय मात्र रोज घसरतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बुटांवर सहसा तीन खुणा आढळतात. एसआरए म्हणजे साबणाचे पाणी टाकलेल्या सिरॅमिक टाइलवर तपासलेला, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन टाकलेल्या पोलादी पत्र्यावर तपासलेला, आणि एसआरसी म्हणजे दोन्ही चाचण्या पार केलेला. केळीच्या पॅकहाउसमध्ये पाणी सतत सांडते आणि चीक पसरतो, तिथे एसआरए ही किमान गरज. सरकी, शेंगदाणा, सोयाबीनच्या तेल मिलमध्ये, वर्कशॉपच्या ग्रीसवर एसआरबी किंवा सरळ एसआरसी. यातली एक बाब विक्रेते सांगत नाहीत. सपाट पाऊल ठेवल्यावर साबणाच्या टाइलवर घर्षणाचा किमान अंक ०.३२ लागतो, ग्लिसरीनच्या पत्र्यावर मात्र ०.१८ पुरतो. टाचेला तर अनुक्रमे ०.२८ आणि ०.१३. म्हणजे तेलकट जागेसाठी पास झालेला बूटसुद्धा तेलावर जेमतेमच धरतो. एसआरसी बूट दिला म्हणून एक्स्पेलरखालचे (तेल गाळायच्या यंत्राखालचे) तेल तसेच ठेवून चालणार नाही. लाकडाचा भुसा टाकून ते उचलायचे, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने फरशी घासायची आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवायची. हे शेवटचे धुणे टाळले तर सोड्याचा थरच निसरडा होतो.

चटई आणि पाइपच्या युनिटमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे जमिनीवर प्लास्टिकचा दाणा सांडलेला असतो. गोल दाण्यावर पाय पडला की दाणा गडगडतो आणि सोलचा फरशीला स्पर्शच होत नाही, मग खूण कोणतीही असो. इथे महागड्या बुटावर खर्च करण्यापेक्षा हॉपरखाली ट्रे लावा आणि प्रत्येक पाळीत दोनदा झाडून घ्या. डाळ मिलमधल्या भुकटीचेही तसेच. भुकटी सोलच्या खाचांत घट्ट बसते आणि सोल गुळगुळीत होतो. म्हणून खाचा बुटाच्या कडेपर्यंत उघड्या असलेला सोल घ्यावा, म्हणजे भुकटी आणि तेल बाहेर पडते. मधेच बंद होणाऱ्या सुंदर नक्षीचा सोल टाळावा.

सोलच्या मालाबद्दल. पीव्हीसीचा सोल स्वस्त असतो, थंडीत कडक होतो, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर त्याची पकड कमीच. एका थराचा पीयू (पॉलियुरेथेन) हलका असला तरी लवकर झिजतो. दोन थरांच्या पीयूत आतला थर मऊ आणि खालचा घट्ट असल्याने पाय कमी दुखतो आणि सोल जास्त टिकतो. खान्देशातल्या बहुतेक कोरड्या कामांना तो उत्तम. पण सव्वाशे अंशांच्या आसपास पीयू मऊ पडतो. वेल्डिंगचा स्लॅग, बॉयलरची राख, दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रातली गरम राख किंवा क्लिंकर यांवर तो वितळून खड्डे पडतात. तिथे नायट्रिल रबराचा, 'एचआरओ' खूण असलेला सोल हवा. ही खूण म्हणजे ३०० अंश तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टेकवला तरी सोल वितळत किंवा तडकत नाही. वेल्डरच्या बुटाला वरून लेस नको. ठिणगी आधी लेस आणि शिलाई जाळते, मग बुटात शिरते. लेस झाकणारी चामड्याची पट्टी किंवा बाजूला इलॅस्टिक असलेला बूट घ्यावा आणि पँट बुटावरून बाहेर सोडावी, आत खोचू नये.

सोलखालून घुसणाऱ्या गोष्टींसाठी 'पी' खूण पाहावी. त्या बुटात मधला थर ११०० न्यूटन जोराने दाबलेल्या खिळ्याला अडवतो. हा थर पोलादाचा किंवा विणलेल्या धाग्याचा असतो. पोलादी थर बारीक टोकालाही अडवतो, पण कडेची थोडी जागा मोकळी राहते आणि बूट ताठ होतो. धाग्याचा थर पूर्ण तळ झाकतो आणि लवचीक असतो, मात्र चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याने होते. त्याहून बारीक तार किंवा बाभळीचा काटा धाग्यातून निसटू शकतो. जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या तारेचे तुटके तुकडे पडतात, बांधकामावर बारीक खिळे असतात, तिथे पोलादी थरच बरा. भुसावळसारख्या रेल्वे यार्डात खडीवर चालणाऱ्याला घोटा झाकणारा उंच बूट, खोल खाचांचा सोल आणि 'एस३' वर्ग असावा. एस३ मध्ये बंद टाच, अँटिस्टॅटिक गुण (अंगावर साठणारी स्थिर वीज जमिनीत सोडणारा), पाणी लवकर न शोषणारे चामडे, खिळारोधक थर आणि खाचांचा सोल हे सगळे एकत्र येते. एस१ मध्ये पाणीरोधकता आणि खिळारोधक थर नसतो. कोरड्या शेडमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, एस१ किंवा एस१पी जास्त सुखाचा. एस३ सगळीकडे चांगलाच असे समजून तो सगळ्यांना देण्याची गरज नाही.

कापसाच्या धुळीत ठिणगी नको म्हणून अँटिस्टॅटिक बूट देतात, ते योग्यच आहे. पण कामगाराने आत फोमचा जाड सोल घातला किंवा बाहेरचा सोल तेला-धुळीने माखला की तो गुण संपतो. आणि हे ठळक लिहावे लागेल: अँटिस्टॅटिक बूट विजेपासून वाचवत नाही. चालू लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला वेगळा, विद्युतरोधक बूट लागतो. टोपीवरचे चामडे झिजून पोलाद उघडे पडलेला बूट घालून पॅनेलजवळ मुळीच जाऊ नये.

किमतीचे गणित मासिक करावे. पीव्हीसी सोलचा बूट साधारण पाचशे-सातशेला, दोन थरांच्या पीयूचा हजार-दीड हजाराला, नायट्रिलचा दोन हजारांच्या आसपास किंवा पुढे. समजा ६०० रुपयांच्या बुटाचा सोल चार महिन्यांत उलला, तर महिन्याला १५० रुपये पडले. १,३०० रुपयांचा बूट वर्षभर टिकला तर ११० पेक्षा कमी. चामडे ओळखायला बुटाच्या वरच्या कडेची कापलेली जागा पाहा. चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडाचा थर. बाजारात 'बार्टन प्रिंट' नावाने मिळणारे दाणेदार चामडे १.८ ते २ मिलिमीटर जाड असेल तर खडबडीत कामाला पुरते. उत्पादनाची तारीख आवर्जून बघावी. पीयू हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होत जातो. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला कोरा बूट घालताच सोलचे तुकडे पडतात, आणि दोष कामगाराच्या चालण्याला दिला जातो.

माप संध्याकाळी, कामावरचाच मोजा घालून घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय फुगतो. टोपी कधीही सैल होत नाही. सर्वांत लांब बोट आणि टोपी यांत बोटभर जागा हवी. चवड्यावर बसल्यावर टोपीची मागची कड बोटांना टोचली तर तो बूट नको. एक नंबर मोठा घेतला की उतारावर पाय पुढे सरकतो आणि शिडीवर टाच निसटते.

डाळ मिल, जिनिंग, चटई आणि पॅकहाउसमध्ये मोठ्या संख्येने बाया काम करतात आणि त्यांच्या पायात चपला असतात. कारण एवढेच, की ३, ४, ५ नंबरचे बूट ऑर्डरमध्ये लिहिलेलेच नसतात. हे नंबर तयार होतात, मागवले तर येतात. मापाची यादी कामगारांची नावे लिहून करावी, अंदाजाने पेटीभर ७ आणि ८ मागवू नयेत.

बुटाचे पैसे पगारातून कापण्याची रीत काही ठिकाणी आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० नुसार सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. ठेकेदाराच्या माणसालाही हे लागू आहे.

शेवटी जुन्या बुटांबद्दल. खाचा झिजलेले, टोपी दबलेले बूट आठवडे बाजारात पुन्हा विकायला येतात, आणि ज्याला नवा परवडत नाही तो ते घालून शिडीवर चढतो. म्हणून बूट बाद करताना सोल मधोमध कापावा, लेस काढून घ्यावी आणि किती जोड बाद केले याची नोंद स्टोअरच्या वहीत ठेवावी.

आपले,
औद्योगिक सुरक्षेच्या कामातले काही वाचक
जळगाव–भुसावळ