तात्या विंचूची भीती कुठे गेली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी भयपटांवरचा लेख वाचला. 'झपाटलेला २' हा पहिल्याच्या तोडीस तोड उतरला, असं त्यात एका ओळीत उरकून टाकलं आहे. बाकी लेख चांगला आहे, पण ही ओळ काही पचली नाही, म्हणून हे पत्र.

मी इतवारीत एका ठोक किराणा दुकानात हिशेब लिहितो आणि पोळा जवळ आला की मंडळाच्या पोरांसोबत बडग्या, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, बांधतो. त्यामुळे बाहुल्याला लोक कशाने घाबरतात, यावर बोलायचा थोडाफार हक्क माझ्याकडे आहे असं मी समजतो. दात मोठे केले, जीभ बाहेर काढली, लाल रंग फासला की पोट्टे घाबरत नाहीत, हसतात. बुबुळ डोळ्याच्या बरोब्बर मध्ये रंगवलं, तर चौकात कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. मानेच्या कामट्या सुतळीने जरा सैल बांधल्या, की मिरवणुकीत धक्का लागला की मान आपोआप डुलते. मग कडेवरचं लेकरू आईच्या खांद्यात तोंड खुपसतं.

१९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये हे सगळं होतं. रामदास पाध्यांच्या हातचा तात्या विंचू हा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तो घोगरा आवाज. पण खरी भीती बाहुल्यात नव्हती, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लक्ष्या या पात्रात होती. गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'ची, हे आता कोणापासून लपलेलं नाही. तिथे बाहुला बोलतो असं सांगणारा सहा वर्षांचा पोरगा आहे. लेकराचं बोलणं मोठी माणसं कशाला मनावर घेतील? महेश कोठाऱ्यांनी त्या पोराच्या जागी बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस उभा केला, आणि सिनेमा आपला झाला. ज्याचा धंदाच बाहुल्याला बोलतं करायचा, तो छाती पिटून सांगतो की हा बाहुला स्वतःच बोलून राहिला, तर कोण विश्वास ठेवेल? लक्ष्मीकांत बेर्डे तिथे जे करतात, त्याला नुसती विनोदी नक्कल म्हणणाऱ्याने तो सिनेमा पुन्हा पाहावा. माणूस रडकुंडीला आला आहे, आपण हसत आहोत, आणि हसता हसता पोटात गोळाही येतो आहे. असा गोळा मराठी सिनेमात मला पुन्हा फारसा भेटला नाही.

आता दुसरा भाग. जून २०१३ मध्ये आला, थ्रीडीमध्ये. मराठीत थ्रीडी म्हणून आम्हा सगळ्यांना अप्रूप होतं, आणि ज्यांनी तो खर्च आणि खटाटोप केला त्यांचं कौतुक मी आजही करतो. पुतण्याला घेऊन गेलो होतो. पडद्यातून काही अंगावर आलं की तो हात पुढे करून पकडायला बघायचा, खुदखुदायचा. मध्यंतरात समोसा खाता खाता म्हणाला, "काका, हा तर नुसता उड्या मारून राहिला. घाबरवणार कधी?" पोराने नेमकं बोट ठेवलं. बेर्डे २००४ सालीच गेले होते. त्यांच्या जागी लक्ष्याचा मुलगा आणला, आदिनाथ कोठारे यांनी कामही मन लावून केलं. पण आता बाहुला कोण आहे, त्याला काय हवं आहे, मंत्र कोणता, हे प्रेक्षकाला पाठ. पडद्यावरच्या इन्स्पेक्टर महेश जाधवलाही ते ठाऊक. कोणाला काही पटवायचं उरलंच नाही. मग राहते ती धावपळ आणि मारामारी. ती चांगली असो की वाईट, तिची भीती वाटत नाही. तात्या तोच, आवाज तोच, पण त्याच्यासमोर एकटा पडलेला माणूस नाही.

दुसऱ्या भागात भीती राहूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. आमच्या नागपुरात काळी मारबत, म्हणजे वाईटाला गावाबाहेर हाकलायला काढलेली बाईची मूर्ती, १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मारबत तीच असते. बडग्या मात्र दर साली नवा, ज्या गोष्टीने त्या वर्षी लोकांना छळलं तिचा. 'स्त्री २' हा हिंदी भयपट मला आवडला तो याच कारणाने. पहिल्या भागात स्त्री नावाच्या भुताला परतवायला चंदेरी गावाच्या भिंतीवर 'कल आना' होतं. शेवटी गाव तिलाच 'रक्षा करना' म्हणायला लागलं. दुसरा भाग तिथून पुढे गेला, आणि बायकांना उचलून नेणारा सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, आणला. तो कोणत्या प्रकारच्या माणसाचा बडग्या आहे, हे थिएटरातल्या बायकांना सांगावं लागलं नाही. पाहुण्या नटांची गर्दी आणि गाणी कमी असती तर आणखी बरं झालं असतं, ते असो.

'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे, आणि लक्ष्याला एआयच्या मदतीने पडद्यावर आणायचा विचार कोठारे यांनी बोलून दाखवल्याचं वाचलं. प्रेम समजतं. दोघांची इतक्या वर्षांची जोडी होती. पण गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज दुसऱ्याच खोळीत भरायचा, हे तर तात्या विंचूचंच काम झालं! बेर्डे यांचा लक्ष्या डोळे विस्फारायचा, तेव्हा पुढच्या क्षणी तो काय करेल हे समोरच्या नटालाही कळत नसावं असं वाटायचं. जुन्या सिनेमांतून ते डोळे उचलता येतील, पण तो पुढचा क्षण यंत्र कुठून आणणार?

आपल्या पत्राद्वारे निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे, बाहुला हाताने चालवा. संगणकाने त्याला भिंतीवर पळवू नका. त्याची मान नुसती हळूच वळली तरी पुरे. आणि लक्ष्याच्या जागी नवा माणूस घ्या, ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असा. एक कल्पना फुकट देतो. मोबाइलवर गमतीचे व्हिडिओ टाकून पोट भरणारा एखादा पोरगा घ्या, आवाज काढणारा. तो रात्री लाइव्ह येऊन हातापाया पडत सांगेल की बाहुला खोलीत फिरून राहिला, वाचवा. खाली लोक हसरे चेहरे टाकतील, आणि कोणीतरी लिहील, "भाऊ, भारी ॲक्टिंग बे! पार्ट टू कधी?"

आपला,
एक बडग्यावाला वाचक,
इतवारी, नागपूर