जुने फोटो छापा, पण रंग नका चढवू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत शंभरेक वर्षांपूर्वीच्या कोकणाचे फोटो छापताय ते फार छान, आमच्या घरी पेपर आला की आधी त्याच पानावरून ओढाओढ होते. पण दोन गोष्टी खटकतात. एक, तुम्ही कुठल्यातरी ॲपमधून चढवलेले रंग, आणि दुसरं म्हणजे खाली ‘साधं, सुखी, समाधानी कोकण’ वगैरे लिहिता ते.

आधी रंगाचं बोलतो. तेव्हा फोटो बहुतेक काचेच्या प्लेटवर काढायचे आणि त्यातल्या बऱ्याचशा प्लेटांना लाल रंग कळायचाच नाही, म्हणजे लाल वस्तू काळी यायची आणि निळी एकदम फिकट. म्हणून तर त्या फोटोंत बायकांचं कुंकू काळं दिसतं आणि आभाळ पांढरंफटक. ॲपला हे काय माहीत! गेल्या रविवारी भात झोडणाऱ्या बाईचं लुगडं त्याने मातकट करून टाकलं, ते चांगलं लालभडक असू शकतं की.

आता सुखी समाधानीचं. त्याच फोटोत नीट बघा, खळ्यात उभे आहेत ते सगळे म्हातारे, बायका नि पोरं. तरणे बाप्ये कुठायत? मुंबईला गिरणीत. रत्नागिरी जिल्हा (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो वेगळा झाला 1981 ला) गिरण्यांना सगळ्यात जास्त माणूस पुरवायचा, आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. जायचं यायचं बोटीने, ती पावसाळ्यात बंद, आणि बोट म्हणजे जिवाचा भरवसा नाही, 1927 च्या नोव्हेंबरात जयंती आणि तुकाराम अशा दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. फोटोत बघा, पायात वहाण कुणाच्याच नाही. मागचं घर केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेलं, दरवर्षी पावसाच्या आधी शाकारायचं. आणि ती भाताची रास बघून जे ‘सुबत्ता’ लिहिलंय ना, त्यातला खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, वाटा आधी बाजूला पडायचा, पुष्कळ ठिकाणी निम्मा, वर वेठ वेगळी. बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध बिल आणलं 1937 ला, अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी तर 1933 पासून वर्षानुवर्षं जमिनी ओसाड ठेवून संप केला, तरी कायद्याने खोती जायला 1949 उजाडलं. माणसं हसत नव्हती, सणवार करत नव्हती असं मी म्हणत नाही, पालखी तेव्हाही नाचायचीच. पण उपाशी पोटाला सुखी म्हणायला आपलं काय जातंय?

अजून एक गंमत. एका फोटोखाली घराचं साल 1865 दिलंय, कारण म्हणे कौलावर तसं कोरलंय. अहो तो मंगलोरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का, कारखाना सुरू झाल्याचं साल, ते पुढेही त्यांच्या कौलांवर उमटत राहिलं. एवढं तरी कुणाला विचारायचं.

माझं म्हणणं एवढंच की फोटो जसा आहे तसा छापा, काळा पांढरा. आणि कृपा करून कडा कापू नका. खरी मजा कडेलाच असते, भिंतीला टेकवलेलं इरलं, पडवीतलं भात भरडायचं घिरट, आणि घरवाल्यांपासून चार हात लांब उभा केलेला कूळ, ज्याला तुम्ही ‘इतर’ लिहून मोकळे होता. वाचकांकडून फोटो मागवाल तेव्हा गाव, वाडी आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव मागा, गड्याचंसुद्धा. वाडीत ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत, त्यांना फोटो दाखवला की हा अमक्याचा आजा, ही तमक्याची आत्या असं पटापट सांगतात, पण ते आत्ता विचारलं तर.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर