आवाहन: सड्याला रोपे नकोत, गडग्याला हात हवेत

ग्रामस्थ आणि मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी, सर्वांस नमस्कार.

जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत नेमलेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची ही विनंती आहे. मिरग लागला की आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, दीपकाडीची पांढरी फुले येतात. डिपकॅडी कोंकणेन्स, शास्त्रीय नावातच कोकण आहे. ही वनस्पती कंदावर वर्षानुवर्षे जगते. पाऊस सरला की पाने सुकतात आणि कातळाच्या खाचेतल्या चार बोटे मातीत कंद उन्हाळाभर पडून राहतो. मे महिन्यात बघणाऱ्याला नुसता काळा कातळ दिसतो. मग 'पडीकच तर आहे' म्हणून डंपर रिकामे होतात.

भराव पडला की कंद खोल जातो, कोंब वर पोचत नाही. मातीबरोबर तणही येते. अफूच्या कुळातला पिवळा धोतरा असाच येतो. तो मूळचा मेक्सिकोचा, वर्षभरात संपणारा, पण बी भरपूर टाकणारा. बोंडे फुटण्याआधी मुळासकट उपटावा. हातमोजे घाला, काटे आहेत.

डंपर आत शिरू नयेत म्हणून रस्त्याच्या बाजूने ४०० फूट गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली बुटकी भिंत, घालायचा आहे. उंची अडीच फूट, रुंदी दीड फूट, म्हणजे सुमारे १५ ब्रास दगड. चिरेखाणीतले तुकडे चालतील. सड्यावरचा सुटा दगड मात्र उचलू नका, त्याच्या आडोशालाच माती टिकते. सिमेंट नको. दर १० फुटांवर तळाशी वीतभर मोरी ठेवायची. पाणी अडले तर कंद कुजतात, गाळ साचून गवत माजते. टेंपो रस्त्यावरच थांबेल, पुढे दगड घमेल्यातून न्यायचा. आखणीला चुना वापरू नका. जांभ्याची माती आंबट, चुन्याने तिचा गुण बदलतो. सुंभ ताणला की पुरे.

दरवर्षी कोणीतरी प्रेमाने रोपे पाठवतो. कृपा करून पाठवू नका. झाडासाठी खड्डा मारायचा तर कातळ फोडावा लागतो, आणि सावलीत ही फुले तग धरत नाहीत. कंद उपटून कुंडीत लावण्याचा मोहही आवरा. कुंडीत पाणी तुंबले की पहिल्याच पावसाळ्यात तो सडतो.

हवे आहे ते असे: टेंपोची एखादी खेप, गडगा रचणाऱ्या जाणत्या गड्याचा एक दिवसाचा रोज, किंवा सकाळी सात ते दहा तुमचे श्रमदान. घमेली आणि पहार घरून आणा. रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयातच द्या आणि पावती घ्या. रस्त्यात कोणाच्या हातात देऊ नका, समितीच्या माणसाच्यासुद्धा.

पहिली सर पडली की काम असेल तिथे थांबेल, कारण कोंब पायाखाली येतात. उरलेला दगड रस्त्याकडेला रचून ठेवू, पुढच्या मे महिन्यात लागेलच.