शनिवारची बैठक : मुलाखतींच्या वह्या आणायला विसरू नका

सर्व मराठी शिक्षक बंधू-भगिनींना नमस्कार.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर नेहमीच्या ठिकाणी बैठक आहे. विषय : नववी-दहावीच्या मराठीच्या तासातच पुढच्या आयुष्याचं बोलणं कसं आणायचं.

त्यासाठी वेगळा तास नको. उपयोजित लेखनात पत्र, जाहिरात, बातमी आहेच. मग अर्ज दरवेळी काल्पनिक कंपनीलाच कशाला? मुलांनी यंत्रमागावरच्या काकांशी, विड्या वळणाऱ्या मावशीशी, गणवेश शिवणाऱ्या कारागिराशी बोलावं : हे काम कसं शिकलात, हातात किती पडतं, पुन्हा संधी मिळाली तर काय शिकाल? माझ्या वर्गातल्या एका मुलीने आईलाच हे विचारलं. आईला नर्स व्हायचं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिची ती दोन पानं मी वाचून दाखवणार आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं सुचवलं आहे. आपण ते नववी-दहावीत लेखनाला जोडू.

प्रत्येकाने किमान दोन वह्या आणाव्यात. शुद्धलेखन तपासून आणू नका. मुलांचे शब्द जसेच्या तसे हवेत. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या मुलांच्या वह्या तर आवर्जून आणा.

येणं जमणार नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवावं.