ती ऑर्डर का सोडली

साकीनाका, मुंबई

चि. अमेयस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तडकलास, "आई, महिन्याला चौदा लाखांची ऑर्डर सोडलीसच कशी?" गाळ्यात तेव्हा कागदाचे रीळ उतरत होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शेजारच्या गाळेवाल्याने पेढे मागितले! त्याच दिवशी खोक्यांना लागणारा क्राफ्ट कागद १२ वरून १८ वर गेला, हे त्याला कोण सांगणार? या ऑर्डरला महिन्याला १० लाखांचा कागद, त्यावर १ लाख ८० हजार कर आपण आधी भरायचा. माल १४ लाखांचा, त्यावर कर ७० हजार. मधले १ लाख १० हजार सरकारकडे अडकून. परतावा मिळतो, पण तोवर कारागिरांचा पगार थांबत नाही.

त्यात ही पार्टी पैसे देणार ९० दिवसांनी. आपल्यासारख्या उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे द्यायला कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि आता तर उशीर केला की ते बिल त्यांना प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतं. त्यावर त्यांच्या खरेदीवाल्याने तोडगा काढला, "मॅडम, तुमची उद्यम नोंदणीच रद्द करा ना." चहा पाजून वाटेला लावला.

तीन महिन्यांचा कागद ३० लाखांचा, कर वेगळा. मिलची उधारी महिन्याची, आपली सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, २५ लाखांची. शिवाय ९० दिवसांपलीकडची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे त्यातलं किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही. पार्टी लांबली की उचलही आखडते. तुझ्या एक्सेलमधला नफा बरोबर आहे रे, त्यात तारखा नाहीत.

नोटाबंदीच्या नोव्हेंबरात पगाराला घरातले डबे धुंडाळले होते, तू दहावीत होतास. तेव्हापासून दीड महिन्याचा पगार आणि वीजबिल मी वेगळ्या खात्यात ठेवते. बाबा त्याला माझं 'माहेर' म्हणतात. या ऑर्डरीने पहिल्याच महिन्यात ते मोडलं असतं.

दार मात्र बंद केलेलं नाही. २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे मान्य झालेलं बिल वटवून लगेच पैसे मिळतात त्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे, यांचीही असणारच. तिथे आपलं बिल मान्य करा, व्याज मी भावात धरते, असं कळवलंय. अजून उत्तर नाही.

शनिवारी येशील तेव्हा बँकेला द्यायचं या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट तूच भर. रीळ मोजायला जुने कपडे आण.

तुझी,
आई